आधी वळा, मग चाला : ध्रुवीय निर्देशक समजून घेणं आणि त्यांचे आलेख काढणं

मिरकरवाड्याच्या बंदरातून बाहेर पडलेल्या बोटीची जागा सांगायला दोन आकडे पुरतात : दीपगृहापासून किती मैल आणि कोणत्या दिशेला. बोटीवरच्या रडारचा पडदाही याच हिशोबाने आखलेला असतो. मधोमध आपली बोट, भोवती अंतराची कडी आणि काठावर अंश. चौकटीच्या कागदावर 'इतकं आडवं, इतकं उभं' असं मोजतो, इथे 'इतकं वळा, इतकं चाला' असं मोजायचं. याच पद्धतीला ध्रुवीय निर्देशक म्हणतात.

राज्य मंडळाच्या बारावीच्या पुस्तकात ते त्रिकोणमितीच्या प्रकरणात येतात, पण रूपांतरापुरतेच. मग अभियांत्रिकीच्या पहिल्या वर्षी कर्व्ह ट्रेसिंगमध्ये, म्हणजे समीकरणावरून वक्र काढताना, हृदयाकृती, पाकळ्या, आतलं वेटोळं असे आलेख एकदम समोर येतात आणि मुलं आकार पाठ करायला लागतात. पाठ केलेला आकार समीकरणात उणे चिन्ह आलं की उलटा पडतो. खालची पद्धत पाठांतराशिवायची आहे. एक वही, कंपासपेटी आणि साधा सायंटिफिक कॅल्क्युलेटर एवढं सामान पुरे.

मांडणी

कागदाच्या मध्यावर एक बिंदू घ्या. हा ध्रुव. त्यातून उजवीकडे एक आडवी रेषा काढा. ही आदिरेषा. कोणत्याही बिंदूचं ध्रुवापासूनचं अंतर म्हणजे आर. आदिरेषेपासून घड्याळाच्या काट्यांच्या उलट दिशेने मोजलेला कोन म्हणजे थीटा. बिंदू लिहिताना आर आधी लिहितात, उदाहरणार्थ (३, ४०°). काढताना मात्र क्रम उलटा : आधी ४० अंश वळायचं, मग तीन एकक चालायचं. हा क्रम एकदा अंगवळणी पडला की पुढचे निम्मे घोटाळे होतच नाहीत.

होकायंत्र वापरणाऱ्यांनी इथे सांभाळावं. होकायंत्राचा शून्य उत्तरेला असतो आणि अंश घड्याळाच्या दिशेने वाढतात. गणिताचा शून्य पूर्वेला असतो आणि अंश उलट दिशेने वाढतात. होकायंत्राने मोजलेल्या कोनाला बेअरिंग म्हणतात. म्हणून थीटा = ९०° वजा बेअरिंग. उत्तर उणे आलं तर त्यात ३६० मिळवा.

समजा, बोट दीपगृहापासून ८ सागरी मैलांवर, २४० अंशांच्या बेअरिंगवर आहे. ९० वजा २४० म्हणजे उणे १५०, त्यात ३६० मिळवले की २१०. म्हणजे ध्रुवीय निर्देशक (८, २१०°). सागरी मैल १.८५२ किलोमीटरचा, तेव्हा बोट साधारण १४.८ किलोमीटर बाहेर आहे.

एकाच बिंदूची अनेक नावं

चौकटीच्या कागदावर प्रत्येक बिंदूला एकच पत्ता असतो. इथे तसं नाही. (३, ४०°) आणि (३, ४००°) एकच, कारण मध्ये फक्त एक पूर्ण गिरकी झाली. (-३, २२०°) हाही तोच बिंदू. आर उणे असेल तर थीटाच्या दिशेला तोंड करून उभं राहायचं आणि तोंड न फिरवता मागे तीन पावलं टाकायची. २२० अंशांकडे तोंड असताना मागे सरकलं की माणूस ४० अंशांच्या रेषेवरच पोचतो. ध्रुवाचं तर विचारूच नका : आर शून्य असला की कोन कोणताही चालतो.

उणे आर ही परीक्षेपुरती केलेली सोय नाही. पुढे आतलं वेटोळं आणि पाकळ्या काढताना सगळा खेळ तिच्यावर आहे. ते मागे सरकणं एकदा अंगणात प्रत्यक्ष करून पाहा.

रूपांतर

क्ष = आर × कॉस थीटा, य = आर × साइन थीटा. आपल्या बोटीसाठी क्ष = ८ × कॉस २१०° = -६.९३ आणि य = ८ × साइन २१०° = -४. म्हणजे ती दीपगृहाच्या ६.९३ मैल पश्चिमेला आणि ४ मैल दक्षिणेला आहे.

उलट जाताना आर म्हणजे क्ष-वर्ग अधिक य-वर्ग या बेरजेचं वर्गमूळ, आणि टॅन थीटा = य भागिले क्ष. सर्वांत जास्त गुण याच जागी जातात. वरचेच आकडे उलटे घाला : उणे ४ भागिले उणे ६.९३ म्हणजे ०.५७७. कॅल्क्युलेटरला व्यस्त टॅन विचारलात तर तो ३०° सांगेल आणि बोट समुद्राऐवजी कातळावर जाऊन बसेल. भागाकारात दोन्ही उणे चिन्हं गेली, त्यामुळे बिंदू कोणत्या चरणात, म्हणजे अक्षांनी पाडलेल्या चार भागांपैकी कोणत्या भागात, आहे हे यंत्राला कळायला मार्गच उरला नाही. म्हणून आधी क्ष आणि य यांची चिन्हं पाहून चरण ठरवा. क्ष उणे असेल तर यंत्राच्या उत्तरात १८० मिळवा.

दुसरा घोटाळा अंश आणि रेडियन या कोन मोजायच्या दोन एककांचा. काम सुरू करण्याआधी साइन ३० दाबा. ०.५ आलं तर यंत्र अंशांत आहे. -०.९८८ आलं तर ते रेडियनमध्ये आहे.

जाळी आखणं : वहीत आणि पुळणीवर

वहीत कंपासने १, २, ३, ४ सेंटिमीटर त्रिज्येची वर्तुळं काढा आणि कोनमापकाने दर १५ अंशांवर एक रेषा ओढा. २४ रेषा होतील. ३० अंशांची जाळी वर्तुळाला पुरते, पाकळ्यांना पुरत नाही.

किनाऱ्यावर राहणाऱ्यांकडे यापेक्षा मोठी पाटी आहे. ओहोटीला पाणी मागे सरकलं की ओली, घट्ट पुळण उघडी पडते. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास उधाणाच्या दिवसांत ती जास्त रुंद मिळते. एक लाकडी खुंटी आणि तीन मीटर सुंभ घ्या. सुंभाला दर २५ सेंटिमीटरवर गाठ मारा. दोन गाठी म्हणजे एक एकक धरा. खुंटी उभी ठोका आणि सुंभाचा फास तिच्यावर सैल ठेवा, तो खुंटीभोवती सहज फिरला पाहिजे. फास आवळलेला असेल तर फिरताना सुंभ खुंटीला गुंडाळत जातो. ४ सेंटिमीटर जाडीच्या खुंटीवर एका फेरीत साडेबारा सेंटिमीटर लांबी कमी होते आणि वर्तुळ जिथून सुरू केलं तिथे मिटतच नाही.

आता २ मीटर त्रिज्येचं वर्तुळ काढा. परिघावर एक खूण करा आणि तिथून २ मीटरचीच सरळ अंतरं परिघावर टाकत जा. बरोबर सहा बसतात, म्हणजे दर ६० अंशांवर एक खूण झाली. सहावी खूण पहिलीपासून चार बोटांहून जास्त चुकली तर सुंभ कुठेतरी ढिला धरला होता किंवा खुंटी कलली आहे. दोन शेजारच्या खुणांमधल्या सरळ रेषेचा मध्य १ मीटरवर येतो. खुंटीपासून त्या मध्यातून रेषा ओढली की ३० अंश मिळाले. तसंच पुन्हा केलं की १५. या वेळी खुणांमधलं अंतर १०३.५ सेंटिमीटर असतं, मध्य सुमारे ५२ वर. कोनमापकाची गरजच नाही.

सोप्या आलेखांपासून सुरुवात

आर = ३ म्हणजे वर्तुळ. थीटा = ६०° म्हणजे ध्रुवातून दोन्हीकडे जाणारी पूर्ण रेषा. अर्धीच काढणारे उणे आर विसरतात.

आर = ४ कॉस थीटा घ्या. ०° ला ४, ३०° ला ३.४६, ४५° ला २.८३, ६०° ला २, ९०° ला ०. इथवर वरची कमान झाली. १२०° ला आर उणे २ येतो. तोंड वर-डावीकडे आणि दोन पावलं मागे, म्हणजे बिंदू ३००° च्या रेषेवर, खाली उजवीकडे. १५०° ला उणे ३.४६, म्हणजे ३३०° वर. १८०° ला उणे ४, म्हणजे पुन्हा सुरुवातीच्या बिंदूवर. वर्तुळ १८० अंशांतच पूर्ण झालं. पुढचे १८० अंश त्याच रेघेवरून दुसऱ्यांदा फिरवतात.

ते खरंच वर्तुळ आहे याची खात्री करायला दोन्ही बाजूंना आरने गुणा. आर-वर्ग = ४ आर कॉस थीटा, म्हणजे क्ष-वर्ग + य-वर्ग = ४ क्ष. केंद्र (२, ०), त्रिज्या २. समीकरणात फक्त कॉस किंवा साइन असताना आरने गुणण्याची ही युक्ती फार उपयोगी पडते.

मुख्य पद्धत : आधी पट्टी, मग गुंडाळी

अवघड समीकरण आलं की थेट जाळीवर ठिपके देऊ नका. आधी साध्या चौकटीवर थीटा आडवा आणि आर उभा घेऊन एक पट्टी काढा. तिच्यावर तीन गोष्टींच्या खुणा करा : आर कुठे शून्य होतो, कुठे सर्वांत मोठा किंवा लहान होतो, आणि कोणत्या टप्प्यात उणे असतो. ही पट्टी मग ध्रुवाभोवती गुंडाळायची. नुसते ठिपके दिले तर कोणता कोणाला जोडायचा हे कळत नाही. पट्टी तो क्रम सांगते.

आर = २ + २ कॉस थीटा ही हृदयाकृती घेऊ. ०° ला ४, ६०° ला ३, ९०° ला २, १२०° ला १, १५०° ला ०.२७, १८०° ला ०. कॉसमुळे खालची बाजू वरच्या बाजूची हुबेहूब प्रतिमा, म्हणून पुढचे आकडे काढायची गरज नाही. आर कुठेही उणे होत नाही. तरीही ती तीन ठिकाणी चुकीची काढली जाते.

एक, सर्वांत उंच बिंदू ९०° वर नाही. ९०° ला उंची २ आहे, ६०° ला मात्र ३ × साइन ६०° = २.६०. दोन, वक्र ध्रुवाच्या डावीकडेही थोडा जातो. १२०° ला क्ष = १ × कॉस १२०° = -०.५, आणि त्याहून डावीकडे तो कधीच जात नाही. ध्रुवाजवळ सरळ उभी भिंत काढणाऱ्यांच्या नजरेतून हे निसटतं. तीन, ध्रुवाशी टोक आहे, गोलाई नाही. दोन्ही बाहू शेवटी १८०° च्या रेषेला चिकटत आत येतात, म्हणून खाच अणकुचीदार दिसली पाहिजे. १५०° आणि १८०° च्या मधला १६५° चा बिंदू काढा : आर फक्त ०.०७. पुळणीवर हे साडेतीन सेंटिमीटर झालं, दोन बोटांची रुंदी. त्या बिंदूवरून हात आपोआप टोकाकडे वळतो.

आतलं वेटोळं

आता पहिल्या २ च्या जागी १ घ्या : आर = १ + २ कॉस थीटा. पट्टीवर ०° ला ३, ९०° ला १, १२०° ला शून्य. १२०° पासून २४०° पर्यंत आर उणे, आणि १८०° ला उणे १. डावीकडे तोंड करून एक पाऊल मागे टाकलं की माणूस उजवीकडे पोचतो, म्हणून तो बिंदू (१, ०). म्हणजे वेटोळं ध्रुवाच्या उजव्या बाजूला, मोठ्या वक्राच्या पोटात, शून्यापासून एक एककापर्यंत. बरेच जण ते डावीकडे बाहेर काढतात, कारण १८०° म्हटल्यावर हात डावीकडे जातो आणि उणे चिन्ह विसरलं जातं.

वेटोळ्याचा मार्गही नीट पाहा. १२०° ओलांडताच आर उणे होतो, म्हणून रेघ ध्रुवातून पार होऊन ३००° च्या बाजूला, खाली उतरते. आधी वेटोळ्याचा खालचा अर्धा, मग (१, ०), मग वरचा अर्धा, आणि २४०° ला परत ध्रुव. ध्रुवातून जाताना पेन्सिल उचलायची नाही आणि वळवायचीही नाही, ती सरळ पार जाते.

आर = अ + ब कॉस थीटा या कुळात अ आणि ब दोन्ही धन असले तर अ लहान असताना वेटोळं, अ आणि ब सारखे असताना टोक, अ मोठा पण ब च्या दुपटीहून कमी असताना किंचित खळगा, आणि दुप्पट किंवा जास्त असताना खळगाही नाही. कॉसच्या जागी साइन आला की आकृती ९० अंशांनी वळून वर तोंड करते. उणे चिन्ह आलं की उलट बाजूला.

पाकळ्या

आर = ३ कॉस ३थीटा याला तीन पाकळ्या, आणि आर = ३ साइन २थीटा याला चार. गुणक विषम असेल तर तेवढ्याच, सम असेल तर दुप्पट, हा नियम सगळ्यांना पाठ असतो. कारण विचारलं की गाडी अडते.

थीटामध्ये १८० मिळवा. तोंड बरोबर उलट दिशेला झालं. गुणक ३ असेल तर कॉसच्या आतल्या कोनात ५४० ची भर पडते आणि आरचं चिन्ह बदलतं. उलट तोंड करून मागे सरकलो, म्हणजे जुन्याच जागी आलो. दुसरी अर्धी फेरी पहिलीवरच गिरवली जाते. गुणक २ असेल तर भर ३६० ची, चिन्ह तेच राहतं. उलट तोंड करून पुढे चाललो, म्हणजे समोरच्या बाजूला नवी पाकळी.

तीन पाकळ्या क्रमाने अशा येतात : ०° ते ३०° मध्ये उजव्या पाकळीचा वरचा अर्धा, टोकाकडून ध्रुवाकडे. ३०° ते ९०° मध्ये आर उणे, म्हणून पाकळी २४०° च्या दिशेला. ९०° ते १५०° मध्ये आर धन, पाकळी १२०° ला. १५०° ते १८०° मध्ये पुन्हा उणे, आणि उजव्या पाकळीचा राहिलेला खालचा अर्धा. पाकळ्यांना रंग न देता १, २, ३ असे क्रम लिहून बाण काढा. तपासणाऱ्याला समज दिसते ती त्या बाणांतून.

रांगोळीतल्या सहा पाकळ्या या सूत्रात कोणत्याही पूर्णांकाने येत नाहीत. ३ घातले तर तीन मिळतात, ६ घातले तर बारा. सहा हव्या असतील तर आर = ३ कॉस ३थीटा याचं फक्त धन मूल्य घ्यायचं, चिन्ह सोडून. या वक्रांचा पद्धतशीर अभ्यास अठराव्या शतकात इटलीचे गणिती ग्वीदो ग्रांदी यांनी केला.

सर्पिल

बोटीच्या फळीवर सपाट गुंडाळून ठेवलेला दोर म्हणजे आर्किमिडीजचा सर्पिल. दोर २ सेंटिमीटर जाड असेल तर प्रत्येक वेढ्याला आर २ ने वाढतो : आर = ०.३१८ × थीटा, थीटा रेडियनमध्ये. अंश घातलेत तर पहिलाच वेढा ११५ सेंटिमीटरच्या घरात जाईल. कोन जिथे साइन-कॉसच्या बाहेर उघडा येतो, तिथे रेडियनच घ्यायचे. दहा वेढ्यांनंतर त्रिज्या २० सेंटिमीटर, आणि क्षेत्रफळाला जाडीने भागलं की दोराची लांबी सुमारे ६.३ मीटर. गुंडाळी न सोडता दोर मोजायचा असेल तर हा हिशोब खराच उपयोगी आहे.

शंखाचे वेढे असे सारख्या अंतराने वाढत नाहीत, सारख्या पटीने वाढतात. तो घातांकी सर्पिल. स्विस गणिती याकोब बर्नुली यांना तो आपल्या समाधीवर हवा होता, पण पाथरवटाने बाझेलच्या त्या दगडावर सारख्या अंतराचाच कोरला. दोन्ही सर्पिलांत गल्लत होते ती अशी.

जिथे बीजगणित फसवतं

सममितीची कसोटी म्हणजे थीटा किंवा आर बदलून (जसं उणे थीटा घालून) समीकरण तेच राहतं का ते पाहणं. या कसोट्या एकाच बाजूने चालतात. कसोटी लागली तर सममिती नक्की. नाही लागली तर काहीच सिद्ध होत नाही. आर = साइन २थीटा मध्ये थीटाच्या जागी उणे थीटा घाला, समीकरण बदलतं. तरी आलेख आदिरेषेभोवती सममित आहेच. आरच्या जागी उणे आर आणि थीटाच्या जागी १८०° वजा थीटा घातलं की ते दिसतं. एक बिंदू अनेक नावांचा, म्हणून एका नावाने विचारून भागत नाही.

छेदनबिंदूंचंही तेच. आर = १ + कॉस थीटा आणि आर = १ - कॉस थीटा बरोबर ठेवले की कॉस थीटा = ०, म्हणजे ९०° आणि २७०° चे दोन बिंदू. आलेखात मात्र तिसरा बिंदू आहे, ध्रुव. पहिला वक्र तिथे १८०° ला येतो, दुसरा ०° ला. दोन बोटी एकाच जागेवरून गेल्या, पण वेगवेगळ्या वेळी. समीकरण सोडवताना आपण विचारतो ती फक्त भेट. म्हणून दोन्ही वक्र ध्रुवातून जातात का, हे नेहमी वेगळं तपासा, आणि उत्तर लिहिण्याआधी आकृती काढा.

डेस्मॉस किंवा जिओजेब्रा या आलेख काढणाऱ्या ॲपवर आलेख तपासता येतो, पण पूर्ण आकृती एकदम पाहून फारसं शिकायला मिळत नाही. थीटाची वरची मर्यादा शून्यापासून हळूहळू वाढवत न्या आणि रेघ कोणत्या क्रमाने उमटते ते पाहा. आपल्या बाणांशी ती जुळली पाहिजे.

क्षेत्रफळ काढताना

क्षेत्रफळ म्हणजे आर-वर्गाच्या निम्म्याचं थीटाप्रमाणे संकलन (इंटिग्रेशन). पुन्हा गिरवली जाणारी फेरी इथे थेट अंगाशी येते. आर = ३ कॉस ३थीटा साठी ० ते २ पाय (२π रेडियन, म्हणजे ३६०°) अशा मर्यादा घेतल्या तर उत्तर १४.१४ येतं, खऱ्याच्या दुप्पट, कारण प्रत्येक पाकळी दोनदा मोजली गेली. मर्यादा ० ते पाय घ्या, ७.०७ मिळेल. एका पाकळीसाठी -३०° ते ३०°, म्हणजे २.३६. आर = ३ साइन २थीटा ला मात्र ० ते २ पाय हीच बरोबर मर्यादा, उत्तर १४.१४.

पडताळ्याला सोपी खूण आहे. ३ त्रिज्येच्या वर्तुळाचं क्षेत्रफळ २८.२७. गुणक विषम असेल तर सगळ्या पाकळ्या मिळून त्या वर्तुळाचा चौथा हिस्सा व्यापतात, सम असेल तर निम्मा, मग पाकळ्या कितीही असोत. उत्तर याच्याशी जुळलं नाही तर संकलन पुन्हा करत बसू नका, आधी मर्यादा पाहा.